वॉकर म्हणजे फिरस्ता नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत मुलांच्या पानावर इंग्रजी आडनावांची एक चौकट होती. स्मिथ म्हणजे लोहार, बेकर म्हणजे पाव भाजणारा, टेलर म्हणजे शिंपी. इथवर सगळं बरोबर. चौथं आडनाव होतं वॉकर, आणि त्याच्यापुढे छापलं होतं, ‘सतत पायी फिरणारा, फिरस्ता’. शेजारी पाठीला बोचकं लावून काठी टेकत निघालेल्या माणसाचं चित्र. माझी नात सातवीत आहे. अशा चौकटी कापून ती वहीत चिकटवते. तिने ती मला वाचून दाखवली तेव्हा मी म्हटलं, हे चौथं चुकलंय. ती म्हणाली, आजोबा, पेपरात आलंय. आता पेपरात आलेलं चूक असू शकतं हे तिला पटवायचं तर ते पेपरातच यायला हवं, म्हणून हा खटाटोप.

मी काही इंग्रजीचा जाणकार नाही. जुनी अकरावी झाली आणि शिक्षण सुटलं. पण वॉकर या आडनावाबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे, कारण ते माझ्या धंद्याचं आडनाव आहे. आमचं आडनाव साळी. साळी म्हणजे विणकर. वडील आणि आजोबा दोघंही मागावर. मी मात्र मागावर बसलो नाही. १९७८ ते २०१५ अशी सदतीस वर्षं मी प्रोसेस हाऊसमध्ये काढली. कोरा माल उकळायचा, धुवायचा, पांढरा करायचा, रंगवायचा, वाळवायचा. इंग्लंडात जन्मलो असतो तर आडनावाने वेब, म्हणजे विणकर, आणि कामाने वॉकर, म्हणजे कापड तुडवून धुणारा, झालो असतो.

आमच्या कामाबद्दल सोलापुरातसुद्धा फार लोकांना माहिती नसते. सोलापुरी चादरीचं नाव जगभर आहे, चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण कौतुक सगळं मागाचं आणि जकार्डचं. म्हणून एक छोटी गोष्ट सांगतो. मागावरून नुकताच उतरलेला कोरा टॉवेल कधी हातात घेतला आहे का? रंग मळकट पिवळसर, हाताला राठ, आणि वास थोडा ओल्या पिठासारखा, कारण ताण्याला खळ दिलेली असते. त्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब जिरत नाही, मोत्यासारखा वर बसून राहतो. अळवावरचं पाणी म्हणतात ना, अगदी तसं. अंग पुसायला म्हणून विणलेली वस्तू, आणि तिला पाणीच शिवत नाही! कापसाच्या तंतूवर मुळात मेण असतं, त्यात वरून खळ. तो टॉवेल कियरमध्ये, म्हणजे कापड उकळायच्या मोठ्या टाकीत, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तासन्‌तास उकळून, धुऊन काढला की तोच थेंब टाकल्याबरोबर नाहीसा होतो. नवीन पोरगा कामाला लागला की आमचे डाईंग मास्तर त्याला पहिल्या दिवशी हे दोन थेंब दाखवायचे, एक कोऱ्यावर, एक धुतलेल्यावर. म्हणायचे, विणकराने दिला तो सांगाडा, टॉवेल आपण करतो. विणकराच्या पोटी जन्मलेल्या मला ते तेव्हा जरा टोचायचं.

वॉकर हा शब्द मी पहिल्यांदा या मास्तरांकडूनच ऐकला. मुंबईत शिकून आलेले, बोलायला लागले की थांबायचे नाहीत. निवृत्तीनंतर मी स्वतः बरंच शोधत बसलो. मास्तरांचं बहुतेक सगळं बरोबर निघालं.

गोष्ट अशी की इंग्लंडचा जुना धंदा लोकरीचा. लोकरीचं कापड मागावरून उतरतं तेव्हा ते विरळ असतं, जाळीसारखं, आणि मेंढीच्या अंगची चरबी त्यात तशीच. ते कापड मोठ्या डोणीत पाण्यात घालायचं आणि माणसाने आत उतरून ते पायांनी तुडवायचं, तासन्‌तास. पाण्यात काय? तेल शोषणारी माती, आणि शिळं मूत्र. नाक मुरडू नका. मूत्र शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो चरबी कापतो. आमच्या कॉस्टिकचं काम त्या काळी तो करायचा. यॉर्कशरमध्ये तर अगदी एकोणिसाव्या शतकापर्यंत घराघरांतून ते गोळा करून नेत. त्याही आधी रोमन लोकांकडे हाच धंदा जोरात होता. तिथे व्हेस्पासियन नावाच्या बादशहाने या मुत्रावरच कर बसवला. मुलाने नाक मुरडलं तेव्हा त्याने करातून आलेलं नाणं मुलाच्या नाकाला लावून विचारलं म्हणतात, येतो का वास?

तुडवण्याने नुसता मळ जात नाही. लोकरीच्या केसाला बारीक खवले असतात, माशासारखे, डोळ्याला न दिसणारे. ओल, ऊब आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. कापड आटतं, चांगलं तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त, आणि विरळ जाळीचा घट्ट, उबदार, वारा न शिरणारा बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, होतो. कापसाला खवले नाहीत. आमचा टॉवेल वर्षभर तुडवला तरी स्वच्छ होईल, फाटेल, पण घट्ट होणार नाही. म्हणून आपल्याकडे या कामाचा वेगळा धंदा झाला नाही आणि वेगळं आडनावही झालं नाही.

अगदीच नाही असं मात्र म्हणवत नाही. माझं आजोळ सांगोल्याकडचं. तिथे धनगरांची लोकर, सणगरांच्या मागावरची घोंगडी, आणि मागाशिवाय बनणारं जेन. जेन मी लहानपणी होताना पाहिलेलं आहे. पिंजलेली लोकर तरटावर सारखी पसरायची, वर साबणाचं पाणी शिंपडायचं, तरटासकट तिची वळकटी करायची आणि ती वळकटी पायाने पुढे लोटायची, मागे ओढायची, दाबायची. पुन्हा उलगडायची, पुन्हा शिंपडायचं, पुन्हा गुंडाळायचं. पायाने काम करणाऱ्या त्या बाप्यांच्या पोटऱ्या मला अजून आठवतात. संध्याकाळपर्यंत सुट्ट्या लोकरीचं एकसंध अंथरूण. हेच ते खवले, आणि हाच तो वॉकर, फक्त सांगोला तालुक्यातला.

आता शब्दाकडे येतो, कारण गफलत तिथेच झाली आहे. जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कन’ या क्रियापदाचा अर्थ होता लोळवणं, उलटंपालटं करणं. त्याचा चालण्याशी संबंध नव्हता. कापड तुडवून लोळवणारा तो ‘वेआल्करे’, त्याचा पुढे वॉकर झाला. त्याच क्रियापदाला ‘पायी चालणं’ हा अर्थ नंतर चिकटला, साधारण तेराव्या शतकापासून पुढे. आज आपल्याला वॉक म्हटलं की सकाळी पार्क चौकात स्वेटर घालून फिरणारे लोक आठवतात, आणि तोच अर्थ आपण आठशे वर्षांपूर्वीच्या माणसावर लादतो. वॉक आणि आपली वळकटी हे कानाला सारखेच लागतात, हेही माझ्या लक्षात आलं होतं. पण नुसत्या कानावर विसंबून मी त्यावरून काही ठरवत नाही, नाहीतर माझंही तुमच्या चौकटीसारखं व्हायचं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जंगलाच्या ठरवून दिलेल्या पट्ट्यात गस्त घालणाऱ्या रखवालदारालाही तिकडे वॉकर म्हणत, त्यामुळे थोड्याफार घराण्यांचं आडनाव त्यावरूनही आलं असेल. पण तोसुद्धा पगारी माणूस. बोचकं घेऊन भटकणारा नव्हे.

नातीला हे सगळं सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. मग तिच्याच कपाटातून पुरावा निघाला. चेहऱ्याला लावायची मुलतानी माती ती मधल्या मारुतीजवळच्या दुकानातून आणते, वीस रुपयांचं पाकीट. पाकिटावर मोठ्या अक्षरांत मुलतानी माती, आणि खाली बारीक इंग्रजी अक्षरांत फुलर्स अर्थ. फुलरची माती. फुलर म्हणजे पुन्हा तोच, कापड तुडवणारा! डोणीत जी माती घालत ती ही. कापडातलं तेल ओढून घेते, तसंच नाकावरचंही. नात पाकीट घेऊन आरशासमोर गेली आणि बराच वेळ चेहऱ्याकडे न बघता पाकिटाकडेच बघत राहिली.

एका कामाची अशी तीन आडनावं कशी, हा प्रश्न तिने लगेच विचारला. तिसरं आहे टकर. बारा कोसांवर भाषा बदलते, तसं तिकडे आडनावही बदललं. इंग्लंडच्या उत्तरेला आणि मध्य भागात, यॉर्कशर, लँकेशरकडे, तो वॉकर. आग्नेयेला केंट, ससेक्स आणि पूर्वेकडच्या नॉरफोक, सफोकमध्ये फुलर, हा शब्द लॅटिनमधून आलेला. नैर्ऋत्येला डेव्हन, सॉमरसेटमध्ये टकर. त्या शब्दाचा जुना अर्थ छळणं, पिडणं. कापडाचा छळ म्हणा. डेव्हनमधल्या एक्सेटर गावात या मंडळींची स्वतःची वास्तू आहे, टकर्स हॉल, १४७१ सालची, अजून उभी. विणकर, तुडवणारे आणि कापडाची लव कातरणारे अशा तिघांची मिळून ती पंचायत होती. वेल्समध्ये अशा तुडवणीच्या गिरणीला ‘पांडी’ म्हणतात आणि तिथल्या टोनीपांडी गावाचं नाव त्यावरूनच पडलं. आडनाव ऐकून माणसाचे पूर्वज साधारण कुठल्या बाजूचे हे सांगता येतं, जसं आपण गिरमल्ल ऐकलं की कानडी आणि नरसय्या ऐकलं की तेलुगू, असा अंदाज बांधतो.

विणकराचंही तसंच. दक्षिणेकडे वेब, उत्तरेकडे वेबस्टर. आणि यात एक गंमत आहे. ‘-स्टर’ हा मुळात बायकांसाठीचा प्रत्यय. विणणारी ती वेबस्टर, पाव भाजणारी ती बॅक्सटर, दारू गाळणारी ती ब्रूस्टर, सूत कातणारी ती स्पिन्स्टर. पुढे उत्तरेत पुरुषांनाही तेच लावू लागले. पण सुरुवातीला या धंद्यांत बायका किती असतील याची कल्पना त्यावरून येते. आमच्या घरी आजी आणि आई दिवसभर कांड्या भरायच्या. माग आजोबांचा होता असं सगळे म्हणतात. आजीच्या रहाटाबद्दल कुणी काही म्हणत नाही.

बाराव्या शतकात तिकडे पाण्यावर चालणारे मोठे लाकडी हातोडे आले आणि माणसाच्या पायाचं काम हातोड्यांनी घेतलं. गिरणीत कुणी तुडवत नव्हतं, तरी तिला वॉक मिल म्हणत राहिले आणि ती चालवणाऱ्याला वॉकर. आडनावं तेव्हा अजून पक्की व्हायची होती. बाप वॉकर आणि मुलगा सुतार झाला तर मुलगा वॉकर राहायचाच असं नाही. यॉर्कशरच्या १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्या आजही वाचायला मिळतात. त्यात कुणाचं आडनाव आणि धंदा जुळतो, कुणाचा जुळत नाही. आडनाव धंद्यापासून सुटून घराण्याला चिकटत होतं, त्या काळातले हे कागद. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर मात्र पुढेही कितीतरी शतकं बायका टेबलाभोवती बसून ओलं कापड हातांनी आपटत, लोटत राहिल्या. तालावर गाणी म्हणायच्या, एकीने सांगायचं, बाकीच्यांनी धरायचं. जात्यावरच्या ओव्यांना आणखी काय वेगळं लागतं?

आमच्या खात्यात स्टेंटर नावाचं मशीन असायचं. दोन्ही बाजूंना अखंड फिरणाऱ्या साखळ्या, साखळ्यांना पिना, त्या पिनांनी कापडाचे काठ धरायचे आणि ओढून ताणून गरम हवेतून न्यायचं, म्हणजे पन्हा एकसारखा होतो. त्या पिनांनी माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्याजवळ एक खूण कायमची दिली आहे. हे मशीन म्हणजे वॉकरचंच पुढचं काम. तुडवून आटलेलं कापड तो उघड्यावर लाकडी चौकटींना आकड्यांनी ताणून वाळवायचा. त्या चौकटीचं नाव टेंटर, त्यावरून स्टेंटर. यॉर्कशरच्या डोंगरउतारांवर अशा चौकटींच्या रांगाच्या रांगा असत. इंग्रजीत एखाद्याची धाकधूक सांगायची तर तो टेंटरच्या आकड्यांवर आहे म्हणतात. आपण म्हणतो जीव टांगणीला लागला. हे मास्तरांनी सांगितलं तेव्हा शिफ्ट संपायला दहा मिनिटं होती आणि मशीनमध्ये कापड अडकलं होतं, म्हणून चांगलं लक्षात राहिलं.

आडनाव किती पसरलं आहे? इंग्लंडात ते पहिल्या विसांत येतं. अमेरिकेत २०१० च्या जनगणनेत पाच लाखांहून जास्त लोक वॉकर होते. त्यांत कृष्णवर्णीय अमेरिकनांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या पूर्वजांनी ना यॉर्कशर पाहिलं ना लोकरीची डोण. गुलामगिरीच्या काळात मालकांची इंग्रजी आडनावं अनेकांच्या वाट्याला आली, त्यांतलं हे एक.

या चुकीच्या अर्थाला हातभार लावला तो दारूच्या बाटलीने, असं मला वाटतं. स्कॉटलंडमधल्या किल्मारनॉक गावात जॉन वॉकर या माणसाने १८२० मध्ये किराणा दुकान टाकलं. त्याच्या नावाच्या व्हिस्कीला १९०८ मध्ये टॉम ब्राऊन या व्यंगचित्रकाराने चित्र काढून दिलं, उंच टोपी, लाल कोट, हातात काठी, टांगा टाकत चाललेला साहेब. नावावरून केलेली ती कोटी होती. पण कोटी जगभर गेली आणि अर्थ मागे राहिला. पुढे मुंबईत बेस्टच्या बसवर कंडक्टर असलेल्या बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी यांना गुरुदत्तांनी या व्हिस्कीवरून जॉनी वॉकर हे नाव दिलं. म्हणजे काठीवाले साहेब आणि आपले विनोदी नट, दोघांनाही कापड तुडवणाऱ्याचं आडनाव. नातवाच्या खोलीत काइल वॉकर या फुटबॉलपटूचं चित्र आहे. तो शेफिल्डचा, म्हणजे यॉर्कशरचाच. पूर्वजांचे पाय कामाला येत असतील, असं मी नातवाला म्हटलं. तो हसला नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चुकीसाठी एवढं मोठं पत्र? तर शब्द आजच्या कानाने ऐकायची खोड आपल्या सगळ्यांनाच आहे. सोलापूर म्हणजे सोळा गावांचं पूर, असं आम्हाला शाळेत सांगितलं जायचं. सोळाही गावांची नावं विचारायची आमची हिंमत झाली नाही. सिद्धरामेश्वरांच्या काळातल्या, बाराव्या शतकातल्या लेखांत गावाचं नाव आहे सोन्नलगे. त्याचं सोन्नलगी, सोनलपूर होत होत सोलापूर झालं. इंग्रजांनी त्यात शहाचा श घालून शोलापूर केलं ते वेगळंच. फडणीसमधल्या फडाचा तमाशाच्या फडाशी संबंध जोडणारे लोकही मी पाहिले आहेत. ते फारसीतल्या फर्द-नवीसवरून आलं, यादी लिहिणारा.

मी स्वतःही सोवळा नाही. शाळेत माझ्या बाकावर पद्मशाली समाजातला एक मित्र होता, आडनाव गड्डम. त्यांच्यात आडनाव आधी, मग नाव, त्याला ते इंटिपेरू म्हणतात, घराचं नाव. सोलापुरात गड्डा म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा. आम्ही त्याला गड्ड्यातला म्हणायचो, पाळण्यात बसवलं का, चिरमुरे आणलेस का, असं रोज. तो मुकाट ऐकून घ्यायचा. तीस-पस्तीस वर्षांनी एका लग्नात भेटला तेव्हा मी पहिल्यांदा त्याला अर्थ विचारला. हनुवटीवर हात फिरवून म्हणाला, दाढी. तेलुगूत गड्डम म्हणजे दाढी. मग म्हणाला, तेव्हा विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं.

आणि देवाने मला त्याची परतफेडही चांगली केली. आमचं आडनाव साळी, त्यात ळ. इंग्रजीत लिहिलं की ळ गेला, हिंदीत वाचलं की साली झालं. मुलगा गुरगावला नोकरीला आहे. पहिल्या दिवशी हजेरी घेताना खोलीभर हशा पिकला. त्याने महिनाभरात इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवलं, तरी उपयोग झाला नाही. आता तो नुसतं पहिलं नाव लावतो. हेही एकवेळ ठीक. पाच वर्षांपूर्वी बायकोच्या डोळ्यांसाठी आम्ही मुंबईला एका मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. साठ-सत्तर माणसं बसलेली. खिडकीवरच्या मुलाने कागद बघून मोठ्याने विचारलं, ‘साली कौन है?’ बाकड्यांवर खसखस पिकली. बायको पासष्टीची, नऊवारीतली, एका डोळ्याला पट्टी. ती उठली, सावकाश चालत खिडकीशी गेली आणि म्हणाली, ‘साळी. ळ, बाळातला.’ पोराला काही कळलं नाही. त्याने परत साली म्हणूनच पावती दिली. पावतीवर चूक काहीच नव्हती, अक्षरं बरोबर होती. मी शेजारी उभा होतो, मला काही बोलता आलं नाही.

आमचं आडनाव मागावरचं आहे, चार हातांच्या कष्टाचं आहे, हे त्या मुलाला कुणी सांगितलेलं नव्हतं एवढंच. वॉकर मंडळींना फिरस्ता म्हणवून घेण्यात काही कमीपणा वाटणार नाही, त्यांच्या कानी हे पत्र जाणारही नाही. पण चौकट छापली ती सोलापुरात, जिथे निम्मं गाव सूत, माग, रंग आणि धुलाईवर जगलं. साळी, कोष्टी, पद्मशाली, तोगटवीर, कुरुहिनशेट्टी, मोमीन, एवढे विणकर एका गावात असताना कापडाचं आडनाव रस्त्यावर सोडून द्यायचं, हे मला बघवलं नाही.

येत्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापलीत तर नातीच्या वहीत ती चौकटीशेजारी चिकटवता येईल. चित्रही बदलायचं असेल तर त्यासाठी लांब जायला नको. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पाण्याच्या दिवशी बायको घरातल्या चादरी काढते. सोलापुरी चादर ओली झाली की हाताने पिळवत नाही, एवढी जड होते. मग मोरीत मोठ्या टपात चादर आणि साबणाचं पाणी, नऊवारीचा काचा वर खोचलेला, एक हात भिंतीला, आणि ती आत उभी राहून पायांनी चादर तुडवत असते. गुडघे दुखतात म्हणून हल्ली दुसरा टप मी घेतो. गल्लीत कुठल्याही घरी हेच दिसेल. आपल्या चित्रकाराने पाण्याच्या दिवशी सकाळी सहाच्या सुमाराला यावं. चहा मी करीन.

आपला नम्र वाचक,
साळी (ळ बाळातला),
निवृत्त प्रोसेस हाऊस कामगार, साखर पेठ, सोलापूर

ता. क. खात्री पटावी म्हणून मुलतानी मातीचं रिकामं पाकीट सोबत जोडलं आहे. काम झाल्यावर परत पाठवावं. नातीला ते वहीत चिकटवायचं आहे.